वरचं बटण

आधीच सांगते. ही गोष्ट कुणाच्या मैत्रिणीच्या मावशीच्या गावची नाही. माझ्या सासरची आहे. आणि मी तिथे स्वतः उभी होते, हातात पकड घेऊन.

ज्यांना थापा वाटतील त्यांनी खुशाल पान उलटावं. माझं वय झालंय. कुणाची मनधरणी करत बसायला मला वेळ नाही.

सन एकोणीसशे छप्पन. आषाढ अमावस्या. ठाणे, नौपाडा.

अमावस्या म्हटलं की तुम्ही लोक लगेच पाय पोटाशी घेता. अहो, आमच्याकडे त्या दिवशी घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात आणि त्यांची पूजा करतात. दिव्यांची अवस. त्या दिवशी तिन्हीसांजेला हे झालं. मध्यरात्र नव्हती, स्मशान नव्हतं, कुत्री रडत नव्हती. बाहेर रस्त्यावरून लोक भाजीच्या पिशव्या घेऊन घरी चालले होते.

आणि आमच्या जिन्यात...

थांबा. क्रमानं सांगते.

मी हेमा. माहेर ठाकुर्लीचं, रेल्वेच्या चाळीतलं. माझे वडील अण्णा तिथल्या पॉवर हाऊसमध्ये वायरमन होते. मला भाऊ नाही. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी अण्णा कुणाकडे वायरिंग करायला गेले की हाताखाली मी. पकड दे, पेचकस दे, टेप दे. देता देता मी स्वतःच वायरी जोडायला लागले. चाळीतल्या बायका म्हणायच्या, "मुलीच्या जातीला कशाला हो हे?" अण्णा म्हणायचे, "वीज जात बघत नाही. चुकलं की झटका देते."

छप्पनच्या वैशाखात माझं लग्न झालं. सासरे आदल्या कार्तिकात वारले होते आणि वर्षाच्या आत कार्य उरकायचं म्हणून घाईघाईत सगळं झालं. म्हणजे सासऱ्यांना मी जिवंतपणी कधी पाहिलंच नाही.

टिपणीसांचं घर छोटंच. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. वर एक माडी. मध्ये अरुंद लाकडी जिना, दोन्ही बाजूंनी भिंती. दिवसासुद्धा त्यात धड दिसायचं नाही. घरात माणसं तीन. मी, माझा नवरा गुरुदत्त आणि सासूबाई. सासूबाईंना मी आई म्हणायचे.

माडी सासऱ्यांची. हरिहर त्यांचं नाव, पण मुलापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. वर त्यांची आरामखुर्ची, त्यांची काठी, त्यांचा हार घातलेला फोटो. आम्ही नवं जोडपं खाली कोंदट खोलीत झोपायचो आणि ती हवेशीर माडी रिकामी. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, का म्हणून?

आई म्हणाल्या, "वर ह्यांची खोली आहे."

मी म्हटलं ठीक आहे. दुःख ताजं आहे. राहू दे.

मग एक दिवस संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. दिवेलागणीची वेळ. देवापाशी दिवा लागला होता. गुरुदत्त अजून कामावरून आले नव्हते.

जिन्यात काळोख होता.

आणि त्या काळोखात कुणीतरी उभं होतं...

मी डोळे ताणून पाहिलं. आई होत्या. जिन्याच्या बरोबर मध्यावर. हातात वाढलेलं ताट. डावा पाय अधू, त्यामुळे सगळा भार उजव्या पायावर. वर तोंड करून उभ्या होत्या.

आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"येऊ का?"

काही उत्तर नाही.

त्या तशाच उभ्या. भाताची वाफसुद्धा विरून गेली असेल, इतका वेळ.

मग वरून आवाज आला...

खट्ट.

जिन्यातला दिवा लागला.

आई चढल्या आणि माडीत गेल्या.

मला वाटलं, गुरुदत्त लवकर आलेले दिसतात. वरून बटण दाबलं असेल. मी हसतच जिन्याकडे वळले, म्हणजे थट्टा करावी, आईला काळोखात ताटकळत ठेवता म्हणून. तेवढ्यात मागे दार वाजलं.

गुरुदत्त आत आले. छत्रीतून पाणी ठिबकत होतं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग जिन्याकडे.

वर कोण होतं?

आता तुम्हाला त्या बटणाचं सांगायला हवं. जिन्याच्या दिव्याला दोन बटणं असतात. एक खाली, एक वर. दिवा एकच. खालून लावून चढायचं, वर पोचलं की वरच्या बटणानं मालवायचा. उलटही तसंच. सोय म्हणून असतं ते. पण त्यात एक खोड आहे. खालच्यानं दिवा लावला तरी वरचा तो मालवू शकतो. खालच्याच्या हातात काही राहत नाही.

आमच्या सासऱ्यांना ही खोड फार आवडली होती.

हे मला कळलं ते आईंकडूनच. पावसाची झड लागली होती, आम्ही दोघी वाल सोलत बसलो होतो. मी त्यांना सरळच विचारलं, "आई, तुम्ही रोज जिन्यात उभं राहून कुणाला विचारता?"

त्यांचा हात थांबला. मग पुन्हा वाल सोलायला लागला.

"सवय गं. घरात वीज आली तेव्हा ह्यांनी हौसेनं दोन बटणं बसवून घेतली. संध्याकाळी ह्यांचं ताट वर न्यायचं. मी दिवा लावून चढायला लागले की मधेच वरून मालवायचे. म्हणायचे, आधी विचार. मग मी विचारायची, येऊ का. मनात आलं की लावायचे."

"आणि मनात नाही आलं तर?"

"तर उभी राहायची."

"किती वेळ?"

आई हसल्या. ते हसू मला अजून आठवतं आणि अजून माझं डोकं फिरतं. "हा पाय कसा गेला वाटतं तुला? काळोखात एकदा अंदाज चुकला. गुरू तेव्हा लहान होता."

मी वालाची वाटी बाजूला ठेवली. "आई, ते जाऊन आठ महिने होऊन गेले."

"हो ना."

"मग दिवा कोण लावतं?"

वाल सोलणं थांबलं नाही. त्या म्हणाल्या, "ओल येते गं भिंतीला पावसात. बटण जुनं झालंय."

ओल! अहो, मी अण्णांची मुलगी. ओल आली की फ्यूज उडतो, भिंतीला झिणझिण्या येतात. ओल काही कुणाच्या प्रश्नाला उत्तर देत नाही.

दोन दिवसांनी शेजारच्या विनिफ्रेडबाईंनी मला कुंपणापाशी हाक मारली. ख्रिश्चन बाई, तलावपाळीच्या बाजूला त्यांचं माहेर. त्यांच्या मागच्या अंगणातून आमच्या जिन्याची खिडकी दिसायची.

"काय गो बाय, तुमच्याकडे कुणाची पोरं राह्यला आलीत काय?"

"नाही. का हो?"

"मग संध्याकाळी जिन्यात दिव्याचा खेळ कोण करतं? लावतं, घालवतं, लावतं, घालवतं. म्हातारीला पडायला होईल एक दिवस. सांग त्यांना."

मी रात्री गुरुदत्तांना म्हटलं, "मी ते वरचं बटण काढून टाकणार. खाली एकच नवं बसवते. लावलं की लागलं, मालवलं की मालवलं."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"नको."

"का?"

"हेमा, त्या बटणाला हात लावू नकोस. कारण विचारू नकोस."

"तुमची आई रोज काळोखात जिन्यावर उभी असते. दिसत नाही का तुम्हाला?"

दिसत होतं. म्हणूनच तर हे गृहस्थ दिवेलागणीनंतर घरी यायचे. गाडी लवकर मिळाली तरी स्टेशनाबाहेर चहा पीत बसायचे, हे मला मागाहून कळलं. माणूस वाईट नव्हता. बापाला घाबरायची सवय लागली होती, ती बाप गेल्यावरही सुटली नव्हती.

अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी विनिफ्रेडबाईंचं बोलणं खरं झालं.

आई ताट ठेवून खाली उतरत होत्या. दिवा चालू होता. मी खाली उभी राहून बघत होते, त्यामुळे हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. माडीत कुणी नव्हतं. आईंच्या मागे कुणी नव्हतं.

खट्ट.

काळोख.

"आई, थांबा!" मी ओरडले.

उशीर झाला होता. पाय निसटल्याचा आवाज... मग धडधड... मग माझ्या पायाशी काहीतरी मऊ येऊन पडलं.

त्यांचं कपाळ फुटलं होतं. मी त्यांना मांडीवर घेतलं. पदर रक्तानं भिजला. आणि मी वर पाहिलं, जिन्याच्या त्या काळ्या तोंडाकडे, तेव्हा...

खट्ट.

दिवा लागला. आमच्या दोघींवर, लख्ख.

जणू कुणाला वरून नीट बघायचं होतं.

तिथे दुसरी कुणी असती तर घाबरली असती. मलाही भीती वाटली, नाही कशाला म्हणू? अंगावर सरसरून काटा आला. पण त्या काट्याच्या वर राग आला. असा राग मला जन्मात आला नव्हता. मी वर बघून म्हटलं, "उद्या बघते तुमच्याकडे."

दुसऱ्या दिवशी दुपारी कामाला लागले. आई खोलीत निजल्या होत्या, कपाळाला हळदीचा लेप. गुरुदत्तांनी त्यांच्यासाठी रजा काढली होती. ते जिन्याखाली उभे राहून "हेमा, नको... हेमा, ऐक" एवढंच म्हणत होते.

मी मेन बंद केला. अण्णांचा पहिला धडा, मेन बंद केल्याशिवाय बोट लावायचं नाही. टेस्ट लॅम्प लावून खात्री केली. वीज नाही. मग स्टूल घेऊन वर गेले.

माडीत कोंदट वास होता. तपकिरीचा. आरामखुर्ची जिन्याकडे तोंड करून. तिच्या हाताशी, भिंतीवर, ते बटण. चिनी मातीचं, पितळी टोपणाचं. बसल्या जागेवरून हात पोचेल असंच लावून घेतलं होतं.

मी टोपणाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

पितळ गरम होतं.

मेन बंद. बाहेर धो धो पाऊस, भिंत गार. आणि ते टोपण गरम... कुणी नुकतंच बोट उचलल्यासारखं.

"उठा आता," मी म्हटलं. "तुमची वेळ झाली."

स्क्रू काढले. बटण सोडवलं. आतून तीन वायरी येतात. दिव्याकडे जाणारी आणि खालून आलेल्या दोनांपैकी एक, या दोघी सोलून एकमेकींवर घट्ट पिळल्या. पकडीनं आवळल्या. वर काळी टेप. उरलेल्या तिसरीचं तोंड टेपनं बंद. मग भिंतीतल्या लाकडी ठोकळ्यावर फळीचा तुकडा ठोकला. आता तिथे बटण नव्हतं, भोक नव्हतं, काही नव्हतं. खाली नवंकोरं बटण बसवलं. आपल्याकडची रीत माहीत आहे ना, खाली केलं की दिवा लागतो, वर केलं की मालवतो. तीन-चारदा लावून पाहिलं. झकास.

आणि ते काढलेलं बटण? तेही ठेवलं नाही. स्वयंपाकघरात नेलं आणि बत्त्यानं ठेचलं. चिनी मातीचा पार चुरा झाला. केरात टाकला.

गुरुदत्त बघत होते.

"आता वाजवून दाखवा म्हणावं," मी म्हटलं.

संध्याकाळ झाली.

मी पाट मांडला. समया, निरांजनं, कंदील, चिमणी, सगळे घासलेले दिवे ओळीनं. समोर कणकेचे दिवे. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. विधवेनं पूजेत पुढे यायचं नाही म्हणून लांब. मी त्यांना हात धरून पाटापाशी ओढलं. "तुमच्या घरातले दिवे आहेत, तुम्हीच ओवाळा." त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मग ओवाळलं.

मी उठून खालचं बटण लावलं. जिना उजळला.

आईंचे डोळे आपोआप दाराबाहेर गेले. "ताट..." त्या पुटपुटल्या. उठायला लागल्या.

"आज ताट नाही. आज तुम्ही इथे बसून जेवायचं. गरम."

त्या बसल्या. बाहेर पागोळ्यांचं पाणी पडत होतं.

मग पागोळ्या ऐकू येईनाशा झाल्या.

पाऊस थांबला नव्हता. खिडकीतून दिसत होता. फक्त आवाज थांबला होता...

आणि वरून...

खट्ट.

जिन्यातला दिवा गेला.

पाटावरचे दिवे मात्र तसेच तेवत होते. एकाचीही ज्योत हलली नाही. म्हणजे वारा नव्हता.

मी उठले. खालचं बटण वर-खाली केलं. काही नाही. पाटावरचा कंदील उचलला, मेन बंद केला आणि जिना चढले. आई म्हणाल्या, "जाऊ नको गं." मी गेले. फळी उचकटली. आतली टेप...

टेप जागेवर होती. पण पोकळ. सापाच्या कातेसारखी.

आणि वायरी सुटल्या होत्या.

नुसत्या सुटल्या नव्हत्या. सरळ होत्या. हे तुम्हाला कळणार नाही कदाचित, म्हणून सांगते. तांब्याची तार एकदा पिळून पकडीनं आवळली की तिच्यावर वळ राहतो. तुम्ही जन्मभर सोडवत बसा, वळ जात नाही. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात ना, तसंच ते. या तारा मात्र नव्या गुंडाळीतून काढल्यासारख्या सरळ होत्या.

माझ्या पाठीमागे आरामखुर्चीचा वेत करकरला...

मी वळले नाही. वळले असते तर आज हे सांगायला राहिले नसते, असं काही मी म्हणणार नाही. मी वळले नाही कारण माझं काम व्हायचं होतं. तारा पुन्हा पिळल्या. हाताला घाम आला होता, तरी पिळल्या. तोंडानं बोलत राहिले. "मी तुमची सून. आपली ओळख व्हायची राहिली. बसायचं तर बसा. पण ताट बंद. विचारणं बंद."

मागे तपकिरीचा वास दाट झाला.

खाली येऊन मेन लावला. दिवा लागला. मी गुरुदत्तांकडे पाहून हसले असेन नसेन...

खट्ट.

गेला.

आता मात्र घरात एक विचित्र शांतता पसरली. ती शांतता वाट बघत होती. काय ऐकायचं होतं तिला, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

गुरुदत्त आईंच्या पायाशी बसले. "आई, विचार ना गं. एकदा म्हण, येऊ का. विचारलंस की लागेल. नेहमी लागतो."

"काय बोलताय तुम्ही?" मी ओरडले.

"मी शब्द दिलाय!" ते एकदम रडायलाच लागले. "दहाव्याला... खाडीवर. पिंडाला कावळा शिवेना. दुपार टळत आली. कावळे झाडावर बसलेले, एक खाली उतरेना. भटजी म्हणाले, इच्छा राहिली असेल, काहीतरी कबूल करा. काय काय म्हणालो मी. कशाला शिवेना. शेवटी म्हणालो, भाऊ, तुमच्या मागं सगळं तुमच्या मर्जीनंच चालेल. आई तुम्हाला विचारल्याशिवाय पाऊल टाकणार नाही."

त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"आणि झपकन कावळा शिवला."

बापाची सुटका व्हावी म्हणून भाबडेपणानं दिलेला शब्द. असे शब्द सगळ्या घरांतून दिले जातात. आम्ही कुळधर्म चालवू, आम्ही भावंडांना सांभाळू. याने आईच देऊन टाकली होती.

आईंनी लेकाकडे पाहिलं. कपाळावरची हळद सुकून तिला चिरा पडल्या होत्या.

"मला न विचारता?" त्या म्हणाल्या.

"आई..."

"माझं उरलेलं आयुष्य तू कावळ्याला घातलंस, गुरू? आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीस?"

गुरुदत्तांनी तोंड ओंजळीत लपवलं.

आई उठल्या. भिंतीला धरून, लंगडत. मी आधार द्यायला गेले तर हात झिडकारला. जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या, वर तोंड करून. नेहमीसारख्याच. मला वाटलं, विचारतात आता. संपलं सगळं.

वरून लाकूड किंचित वाजलं. कुणीतरी ऐकायला पुढे झुकावं तसं...

आईंनी श्वास घेतला.

"हरिहर!"

मी तोंडावर हात ठेवला. तुम्हाला आज काय वाटणार त्यात? त्या काळच्या बाईनं नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणायचे. आईंनी लग्न झाल्यापासून ते नाव असं नुसतं कधी उच्चारलंसुद्धा नव्हतं.

"हरिहर, ऐकतोयस ना? शब्द पोरानं दिला. मी दिला नाही. मी आता विचारणार नाही. मी येणार नाही. मला भूक लागली आहे आणि मला दिवा हवा आहे."

आणि त्यांनी हात नेऊन बटण आधी वर केलं, मग पुन्हा खाली दाबलं.

खट्ट.

दिवा लागला.

लगेच वरून, खट्ट! दिवा फडफडला, लाल झाला, विझत आला...

आईंचं बोट बटणावरच होतं. नख पांढरं होईपर्यंत त्यांनी ते दाबून धरलं होतं. ओठ घट्ट मिटलेले. "नाही," त्या म्हणाल्या. "नाही. नाही."

दिवा पुन्हा पिवळा झाला. मग पांढरा.

मग बाहेर पाऊस ऐकू यायला लागला.

आई जिन्याच्या खालच्याच पायरीवर बसल्या. मला म्हणाल्या, "वाढ गं. इथेच जेवते." मी गरम भात, वालाचं बिरडं, त्यावर तूप असं वाढलं. त्या बाईनं दिव्याखाली बसून पोटभर जेवण केलं आणि शेवटी बोटंसुद्धा चाटली. मी त्यांच्या शेजारी बसून रडत होते. रागानं की कशानं ते मला आजही सांगता यायचं नाही.

तुम्हाला वाटलं असेल, पुढे सगळं सुरळीत झालं.

नाही झालं. त्या ठोकळ्यामागून रोज दिवेलागणीला आवाज यायचा. खट्ट. दिवा एकदा पापणी लवावी तसा लवायचा आणि राहायचा. आई जिथे असतील तिथून म्हणायच्या, "वाजव." भाजी चिरता चिरता, नातवाला झोके देता देता. "वाजव, वाजव." आम्हाला सवय झाली. आम्ही माडीत राहायला गेलो. आरामखुर्ची मी बंबात घातली. सुकं सागवान, पण आंघोळीचं पाणी काही तापलं नाही त्या दिवशी.

आई खूप वर्षं जगल्या. शांतपणे गेल्या, दिवा चालू असताना. गुरुदत्तांनी त्यांच्या दहाव्याला कसलाही शब्द दिला नाही. कावळा लगेच शिवला.

पुढे ते घर पाडलं. आता मी डोंबिवलीला लेकाकडे असते, चौथ्या मजल्यावर. घरात जिना नाही. पण येताना मी ते खालचं बटण सोडवून आणलं. आईंच्या बोटानं झिजलेलं. एका फळीवर बसवून माझ्या पलंगाशेजारी भिंतीला टांगलंय. त्याला वायर नाही. मागे काही नाही. नुसतं बटण.

रोज दिवेलागणीला ते वर गेलेलं असतं.

रोज मी ते खाली करते.

नात म्हणते, "आजी, स्प्रिंग सैल झाली असेल." इंजिनियर आहे ती. मी म्हटलं, "बाळ, सैल झालेली वस्तू खाली पडते. ही वर का जाते?" आता ती संध्याकाळी माझ्या खोलीत येत नाही.

हे इतक्या वर्षांनी आज लिहायला घेतलं, त्याला कारण आहे.

गेल्या आठवड्यात मला ताप होता. संध्याकाळी डोळा उघडला तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं. लेक-सून बाहेर गेलेली. समोर भिंतीवर आवाज झाला... खट्ट. बटण वर गेलं. मी पाहिलं. हात उचलायला गेले, पण उचलेना. अंगात त्राणच नव्हतं. मी नुसती बघत पडले.

आणि मग...

खट्ट.

बटण खाली आलं.

खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. हळदीचा वास मात्र येत होता.

तेव्हापासून मला झोप नाही. आई आल्या, याचा आनंद व्हायला हवा ना? पण मी विचार करते, म्हणजे त्या बाईला अजूनही सुटका नाही? तो अजून वर बसलेला आणि ही अजून खाली उभी? त्यांच्या दहाव्याला कावळा शिवला होता हो. मी डोळ्यांनी पाहिला होता.

काय ते मला ठाऊक नाही. कुणी सांगू नये, मी विचारतही नाही. पण एक गोष्ट मी लेकाला बजावून ठेवली आहे. माझ्या दहाव्याला काही कबूल करायचं नाही. कावळा शिवो न शिवो. मला कुठे जायची घाई नाही. आई तिथे एकट्या उभ्या असतील तर मी त्यांच्या शेजारी उभी राहीन. त्यांचं बोट दुखलं की माझं लावीन.

आता दिवेलागण होत आली. बटण खालीच आहे अजून.

वाजव म्हणावं.